बदकांची बोट आणि चिखलाची मोटर

आमची बोट मुळात बदकांच्या शिकारीसाठी बनलेली आहे. असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या नवऱ्याकडे, आणि मग हळूच विचारतो, "बहारीनमध्ये बदकं?" नाहीत हो. हिवाळ्यात चुकूनमाकून येत असतील थोडी, पण इथे पक्षी मारायला बंदी आहे, आणि आमच्या घरात बंदूक सोडाच, झुरळ मारायलाही दोघांची बैठक बसते. बोट आम्हाला मिळाली ती एका अमेरिकन गृहस्थांकडून. त्यांचं इथलं काम संपलं होतं, गाशा गुंडाळायचा होता, आणि हौसेने जहाजातून आणवलेली ही वस्तू परत न्यायचा त्यांना कंटाळा आला होता. सपाट बुडाची, अॅल्युमिनियमची, दोन माणसं आणि एक आइसबॉक्स मावेल एवढी. बदकांना दिसू नये म्हणून अंगभर हिरव्या-तपकिरी गवताची नक्षी रंगवलेली. इथल्या पांढुरक्या उथळ पाण्यात ती लांबूनसुद्धा सगळ्यांना दिसते. नवरा म्हणतो, लपायचंच असेल तर आधी दोन-चार झाडं विकत घेऊ.

मला मात्र ती बघताक्षणी हवी झाली. मी खाडीकाठची. रायगडात आमच्या घरामागे ओहोटीला पाणी ओसरलं की उरायचा तो काळाभोर, मऊशार गाळ. आत्यांबरोबर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला मी त्या गाळात शिरायचे आणि कानापर्यंत माखून बाहेर यायचे. पुढे शिकले, मेकॅनिकल इंजिनियर झाले, पुण्याचा नवरा केला आणि बहारीनला आले. तेव्हापासून मी एसीत राहते आहे. उम्म अल हस्समच्या फ्लॅटमधला एसी, तिथून गाडीतला एसी, तिथून सित्र्याच्या ऑफिसातला एसी. माझं काम पंपांचं. कुठला पंप कधी उघडायचा, कुठलं सील कधी बदलायचं, हे ठरवणारी बाई मी. बेटावर राहते, चारी बाजूंना समुद्र, आणि इतक्या वर्षांत माझ्या पायाला समुद्राचा चिखल लागला नव्हता. हे मला फार टोचायचं. कुणाला सांगायला गेलं तर लोक म्हणायचे, "मग बीचवर जा ना." आता यांना काय सांगणार!

तर बोट आली. तिच्याबरोबर एक साधी आउटबोर्ड मोटर आली, बोटींना मागे लटकवतात तसली. खोल पाण्यात ती छान चालायची. पण मला खोल पाणी नकोच होतं. मला सित्र्याच्या पलीकडचा तो उथळ पट्टा हवा होता, जिथे ओहोटीला मैलच्या मैल चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. साधी मोटर समुद्राचंच पाणी आत ओढून स्वतःला थंड ठेवते. उथळात ती पाण्याबरोबर गवत आणि गाळही ओढते, मग तिचा घसा बसतो, ती तापते आणि बंद पडते.

मे महिन्यात ती तशीच बंद पडली. मी आणि नवरा, दोघंच होतो. पाणी उतरत होतं. मी मोटर उघडून गवत काढतेय, काढतेय, तोवर बोटीचं बूड चिखलाला टेकलं, आणि मग भरती येईपर्यंत आम्ही तिथेच. वर छत नाही, आइसबॉक्समधलं पाणी संपलेलं, ऊन असं की अॅल्युमिनियमला हात लावला की चटका. नवऱ्याला पोहता येत नाही, पण इथे बुडायला पाणीच कुठे होतं? त्याला भोवळ यायला लागली. मी माझी ओढणी भिजवून त्याच्या डोक्यावर धरली आणि बडबड करत राहिले, कारण तो बोलायचा थांबला होता आणि त्याची मला भीती वाटत होती.

घरी आल्यावर, अंघोळ करून, दोन ग्लास ताक पिऊन तो म्हणाला, "एक सांगतो. मी तुला बोट बंद कर म्हणत नाही. पण पुन्हा एकदा जरी अडकलो, तर ती विकायची. आणि जाहिरात तू टाकायची."

त्याची नोकरी बँकेत, रिस्क डिपार्टमेंटला. काय काय वाईट होऊ शकतं, याचा विचार करायचा त्याला पगार मिळतो. मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण त्याचं नाक उन्हाने सोललेलं होतं आणि ओठ फुटलेले होते. शिवाय तो बरोबर होता, हे जास्त झोंबलं. मी म्हटलं, "ठीक आहे." माझ्या तोंडून "ठीक आहे" इतक्या सहज आलेलं त्यालाही खरं वाटेना.

म्हणजे आता एकच संधी होती. अडकणार नाही अशी मोटर शोधायची, नाहीतर बोट गेली.

उपाय मला बदकांच्या शिकाऱ्यांनीच दाखवला. मी फोनवर व्हिडिओ बघायला लागले. दाढीवाले दणकट अमेरिकन पुरुष, अंगात गवताच्या नक्षीचे कपडे, त्यांच्या कुत्र्यांनासुद्धा त्याच नक्षीचं जाकीट, आणि आमच्यासारखीच बोट घेऊन ते दलदलीतून सुसाट निघालेत! पाण्यातून नव्हे हं, दलदलीतून. गवत, लाकडं, गाळ, सगळ्यावरून. मागे चिखलाचं कारंजं उडतंय. ते बदकं मारायला चाललेत याच्याशी मला काही कर्तव्य नव्हतं, बदकं यायच्या आत मी व्हिडिओ बंद करायचे. मी बघायचे मोटर. मड मोटर म्हणतात तिला. इंजिन हवेवर थंड होणारं, जनरेटरला असतं तसलं, बोटीच्या मागच्या फळीवर उघडंच बसवलेलं. त्याला तिरका खाली जाणारा लांबलचक दांडा, आणि दांड्याच्या टोकाला छोटा, जाड पात्यांचा पंखा. समुद्राचं पाणी आत ओढायची भानगडच नाही. घसा बसायला घसाच नाही. इतकी साधी, इतकी अक्कलहुशारीची गोष्ट बघून मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने "वा!" म्हटलं. आमटी उतू गेली.

नवी मागवायची म्हटलं असतं तर नवऱ्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं. म्हणून वापरलेली शोधायची ठरवली. वापरलेलं यंत्र निवडणं हे तर माझं रोजचं काम, त्यामुळे मी जरा तोऱ्यातच होते.

पहिली सापडली मीना सलमान बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये. पत्र्याची शेड, बाहेर बोटींचे सांगाडे, आत वेल्डिंगच्या ठिणग्या. मोटर टेबलावर मांडून ठेवलेली. काळाभोर चकचकीत रंग, लाल पट्टे, नवं कोरं हँडल. नवरा बघूनच खूश झाला. त्याला वस्तू नव्यासारखी दिसली की अर्धी रिस्क कमी झाल्यासारखी वाटते. वर्कशॉपवाला उत्तर भारतातला, बोलायला मधाळ. तो सगळं माझ्या नवऱ्याला सांगत होता. मी इंजिनाबद्दल विचारलं, उत्तर नवऱ्याला. मी दांड्याबद्दल विचारलं, उत्तर नवऱ्याला. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, आप आराम से बैठिए, चाय पीजिए. ये सब सर समझ लेंगे."

माझं डोकं फिरलं. पण मी काही बोलायच्या आत नवरा शांतपणे म्हणाला, "भाईसाब, मैं तो सिर्फ़ ड्राइवर हूँ."

मग मी चहा घेतला नाही, स्क्रू-ड्रायव्हर मागितला. त्याचं टोक दांड्याच्या बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. ऑफिसात मी हेच करते. आता यंत्रं असतात त्यासाठी, पण कानाचा मला जास्त भरवसा. "घुमाइए," मी म्हटलं. दांडा फिरला आणि कानात आलं, खर्र, खर्र, खर्र. आत वाळू जाऊन बसली होती. मग मी पेन पंख्याच्या पात्याजवळ धरलं आणि हळूहळू फिरवायला लावलं. एका बाजूला पातं पेनाला घासत होतं, दुसऱ्या बाजूला मध्ये करंगळी जाईल एवढी फट. म्हणजे दांडा वाकलेला. वरून रंग मारला म्हणून काय झालं!

"पेंट बहुत अच्छा है," मी त्याला म्हटलं, आणि आम्ही निघालो. गाडीत नवऱ्याने आधी पट्टा लावला. मग म्हणाला, "तू माझ्या छातीलाही कधी तो स्क्रू-ड्रायव्हर लावशील का, असं वाटतं." मी म्हटलं, तुझी खरखर मला लांबूनच ऐकू येते.

दुसरी मोटर मला ऑफिसातल्या एकाने सांगितली. सित्र्यात, माझ्या कंपनीपासून जवळच, एका चाचांकडे आहे म्हणाला. चाचा आमच्या रायगडातलेच, श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान. आयुष्यभर इथे स्पेअर पार्टचा धंदा केला, आता सगळं आवरून कायमचे गावी निघाले होते. त्यांच्या गोदामाच्या मागे समुद्राचा एक चिंचोळा फाटा येतो. ओहोटीला तिथे नुसता गाळ. त्या गाळात ते खेकड्यांचे पिंजरे लावायचे, त्यासाठी ही मोटर.

गेलो तेव्हा चाचा खुर्चीत बसले होते, पांढरी टोपी, पायात रबरी बूट. मोटर एका लाकडी घोडीवर टांगलेली. बघून नवऱ्याचा चेहरा पडला. झाकण चेपलेलं, रंग कुठे उरलाच नव्हता, हँडलला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. मी स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये घालूनच आणला होता. कान लावला. नुसती एकसारखी गुणगुण. पेन धरलं, फट सगळीकडे सारखी. दांड्याचं सील, ग्रीस आत आणि गाळ बाहेर ठेवणारी ती रबरी चकती, बघितलं, कोरडं. ग्रीस ताजं, स्वच्छ. मला हसू फुटायला लागलं, पण घेणाऱ्याने असं तोंडावर दाखवायचं नसतं, म्हणून मी कपाळाला आठ्या घातल्या.

चाचा माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "कुठच्या गावची गो तू, बाय?"

मी गाव सांगितलं. खाडीचं नाव सांगितलं.

"म्हंजे चिखलातलीच हायस."

"चिखलातलीच, चाचा."

"मग त्या आठ्या काढ. तुला आवडली हाय ती." नवरा फस्सकन हसला. चाचा उठले. "घोडीवर सगल्या मोटरी चालतात. पाण्यातपन चालतात. चिखलात चालवून बघ, मग बोल."

त्यांची जुनी लाकडी होडी मागे गाळात अर्धी रुतून बसली होती. पाणी घोट्याएवढंही नसेल. चाचांनी आणि मी मिळून मोटर चढवली. नवरा काठावर, ऑफिसातून थेट आलेला, पांढऱ्या शर्टात, हातात माझी पर्स. मी दोरी ओढली. एकदा, दोनदा, आणि मग ती गरजली. केवढा तो आवाज! दांडा हळूच खाली सोडला. पंखा गाळाला लागला, क्षणभर होडी नुसती थरथरली, आणि मग सुटली. गाळावरून! माझ्या पायाखाली पाणी नव्हतं आणि मी चालले होते. मागे चिखलाची चूळ उंच उडत होती. मी ओरडत होते, काय ते मलाही आठवत नाही, बहुतेक नुसतंच "आई गं!" त्या फाट्यातून पुढे गेले, वळले, परत आले. वळताना जरा जास्त हँडल दाबलं आणि सगळं कारंजं काठाच्या दिशेने गेलं. नवऱ्याचा शर्ट, चष्मा, माझी पर्स, सगळं काळं. तो तसाच उभा, चष्म्याच्या काचांतून दिसत नाही म्हणून मान वाकडी करून. पोटभर हसले मी. इतक्या वर्षांनी माझ्या नाकात तो गाळाचा खारट, कुजका वास भरला होता आणि मला वाटलं, आता हिला सोडून मी घरी जाणारच नाही.

सौदा लवकर झाला. मी घासाघीस करायची विसरले, हे नवऱ्याने मला नंतर ऐकवलं. निघताना चाचांनी मोटरच्या चेपलेल्या झाकणावर हात ठेवला. "चिखल खाईल, गवत खाईल, शिंपलेपन खाईल. दोरा तेवढा नाय खानार. पिंजऱ्याचा दोरा, गरीचा दोरा, पंख्याजवल येऊ देऊ नको. तेवढं सांभाल."

मी म्हटलं, "चाचा, पंपांचं तेच असतं. मी सांभाळीन." नवरा त्या वेळी नळाखाली चष्मा धूत होता.

त्यानंतरचे आठवडे मी फळी मजबूत करण्यात घालवले, नट-बोल्ट बसवण्यात घालवले, आणि पाणी थोडं गार व्हायची वाट बघण्यात. मोटर बाल्कनीत, जुन्या चादरीखाली. येता-जाता मी चादर उचलून बघायचे. नवरा म्हणायचा, "झोपलीय ती, उठवू नकोस." पण अट तो विसरला नव्हता. एकदा मी ओहोटीच्या वेळा बघत होते तेव्हा म्हणाला, "बघ, तुझी मोटर चांगलीच आहे. पण मे महिन्यात मला खरंच वाटलं होतं की आपण परत जात नाही. ते मी विसरू शकत नाही." मी म्हटलं, "माहितीय मला." थट्टा करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

यंदा दसरा शनिवारी आला, सुट्टीच्या दिवशी. मी ठरवलं, याच दिवशी निघायचं. पहाटेच मी आइसबॉक्स भरायला घेतला, पाण्याच्या बाटल्या मे महिन्याच्या तिप्पट, छत्र्या, लाइफ जॅकेटं, फळं, सुरी. बॅग घेऊन खाली पार्किंगमध्ये आले तर नवरा बोटीच्या ट्रेलरजवळ उभा होता. तो माझ्या आधीच उठून मनामाच्या बाजारात जाऊन आला होता. मोटरच्या चेपलेल्या झाकणावर त्याने हळदीकुंकू लावलं होतं. इंजिनाच्या गळ्यात झेंडूचा हार होता, घसघशीत, केशरी, विमानाने आलेला. आणि हँडलच्या ट्यूबमध्ये आपट्याची दोन पानं खोचलेली.

माझ्या माहेरी दसऱ्याला गाडीला हार घालतात, त्याच्या घरी लॅपटॉपला आणि शिलाईमशीनला. हत्यारं पुजायचा दिवस. पण पूजेचं सगळं मी करते, तो नुसता प्रसादाला येतो. आणि ही तर ती वस्तू, जिच्यामुळे त्याला माझ्याबरोबर पुन्हा त्या चिखलात जावं लागणार होतं.

"बदकांच्या बोटीचं शस्त्र हेच ना," तो म्हणाला. "म्हटलं, पूजा करून टाकू. रिस्क मिटिगेशन."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. ऑफिसात पंपाजवळ कुणी साधी सुतळी ठेवली तरी मी आरडाओरडा करते, आणि इथे मी तो हार बघितला, नीट केला, वर एक फूल खोचलं, आणि आम्ही निघालो.

पाणी नुकतं उतरायला लागलं होतं. धक्क्यावरून बोट सोडली. मोटर पहिल्याच ओढीला सुरू झाली. काय सांगू त्या सकाळचं! मे महिन्यात जिथे आम्ही रुतून बसलो होतो, ती जागा मी मुद्दाम शोधली आणि तिच्यावरून गेले. बोटीखाली गाळ, गवत, पाण्याचा नुसता पातळ थर, आणि आम्ही सरसर चाललोय. पाणकावळे उठत होते. नवरा पुढच्या फळीवर दोन्ही हातांनी कडा धरून बसला होता, पण त्याची मान वळत होती, तो बघत होता. दूर चिखलाच्या कडेला एक गुलाबी रेघ दिसली. यंदाचे पहिले रोहित. मी ओरडले, "ते बघ!" आणि त्याने कडा सोडून बोटाने तिकडे दाखवलं, आपणही बघितलंय हे सांगायला.

वाऱ्याने हाराच्या पाकळ्या उडत होत्या. आमच्या मागे केशरी ठिपक्यांची वाट पडत होती, आणि मला ते फार सुंदर वाटलं. हार सैल होत चाललाय, तिरक्या दांड्यावरून थरथरत खाली सरकतोय, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मोटरचा आवाज एकदम चढला, मग गुदमरला, मग बंद.

शांतता. मी हँडल दाबून दांडा वर उचलला. पंख्यावर झेंडूचा लगदा, आणि त्यातून चमकणारा तो दोरा. फुलवाल्यांनी सुताऐवजी नायलॉनमध्ये ओवलेला, विमानप्रवासात तुटू नये म्हणून. पंख्याच्या मागे, दांड्याभोवती, करकचून बसलेला. चाचांचे शब्द माझ्या कानात आले आणि मी मनातल्या मनात स्वतःला एक सणसणीत शिवी दिली.

नवऱ्याने ते बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम उतरलं. "हार," तो म्हणाला. "मी बांधला."

"बोलू नकोस आता. स्पॅनर दे."

पाणी उतरत होतं. दोरा सीलच्या आत शिरला तर सील फाटणार, ग्रीस बाहेर, गाळ आत, आणि मग आज तरी काही ही मोटर चालणार नाही. म्हणजे भरतीपर्यंत इथेच. म्हणजे जाहिरात. मी सुरी दातात धरली आणि बोटीबाहेर पाय टाकला. गाळ गुडघ्यापर्यंत. गाळात एका जागी उभं राहायचं नसतं, पाय हलवत राहायचं, थांबलं की आत जातो, हे आत्यांनी शिकवलेलं अंगाला अजून आठवत होतं. पण पाय हलवत राहायचं तर दांडा स्थिर कोण धरणार? मी दोनदा प्रयत्न केला, दोनदा सुरी निसटली.

मागे चुबुक असा आवाज झाला. नवरा उतरला होता. बुटांसकट. पोहता न येणारा, मे महिन्यापासून चिखलाचं नाव काढलं की गप्प होणारा माणूस, मांडीपर्यंत गाळात, आणि दोन्ही हातांनी दांडा खांद्यावर घेऊन उभा.

"पाय हलव," मी ओरडले. "एकसारखा हलव!"

तो जागच्या जागी कवायत करायला लागला. मी पंख्याची पिन काढली, नट काढला. "हे धर, पडलं तर खलास." त्याने पिन ओठांत धरली, नट मुठीत. पंखा उतरला. दोऱ्याचे वेढे मी एकेक करून कापले, सोडवले, सीलच्या कडेशी आत गेलेलं टोक नखाने धरून हळू, अगदी हळू ओढलं. निघालं. सीलवर बोट फिरवलं. एक ओरखडा होता. फाटलं नव्हतं. मी पुन्हा बोट फिरवलं. नव्हतं फाटलं! माझ्या जिवात जीव आला.

पंखा बसवला. नट. ओठांतली पिन. बोटीच्या बुडाखाली आता पाणी नव्हतंच म्हटलं तरी चालेल. मी वर चढले, त्याला हात देऊन ओढलं. त्याचा एक बूट गाळातच राहिला. मी दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. मोटर गरजली, दांडा खाली गेला, बोट थरथरली, जागच्या जागी थरथरत राहिली, मी इंजिनाचा वेग वाढवला, आणि ती सुटली.

मोटरच्या त्या आवाजात मी तशीच बोट पुढे हाकत राहिले. रोहितांपासून लांबच मी मोटर बंद केली, पक्षी उठू नयेत म्हणून. तिथे पाण्याची एक छोटी वाट होती, बोट तिच्यावर डुलत राहिली. शेकड्यांनी पक्षी, माना खाली घालून, पायांनी गाळ ढवळत खात होते. त्यांचा बारीक कलकलाट ऐकू येत होता.

शब्द दिला होता तो दिला होता. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "मग? जाहिरात कधी टाकू?"

"कसली?"

"बोटीची. अडकलो ना."

तो चष्मा पुसायला काहीतरी कोरडं शोधत होता. काहीच सापडलं नाही. "अडकलो कुठे?" तो म्हणाला. "हार काढायला थांबलो होतो."

मी वळून बघितलं. मांडीपर्यंत काळा, एका पायात बूट, एका पायात नुसता चिखल, ओठांवर ग्रीसचा डाग. तो माझ्याकडे बघत नव्हता. पक्ष्यांकडेही नाही. तो बोटीच्या पुढच्या टोकाकडे बघत होता, तिथे एक लोखंडी कडी आहे, दोर अडकवायची. ती कडी त्याने हाताने ओढून बघितली, घट्ट आहे का ते.

"पुढच्या दसऱ्याला हार इथे बांधायचा," तो म्हणाला. "मोटरपासून लांब."

मी हँडलमधलं आपट्याचं एक पान काढलं, चिखलाने बरबटलेलं, आणि त्याच्या हातावर ठेवलं.